गुडघा बदलल्यावर इन्फेक्शन होऊ नये म्हणून घरच्यांनी काय करायचं, तारीख ठरल्यापासून पुढं

आईचं, सासूबाईंचं नाहीतर वडिलांचं गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिली चर्चा खर्चाची होते, दुसरी इम्प्लांट कुठल्या कंपनीचं घालायचं याची, आणि इन्फेक्शनचं कुणी काढतच नाही, ते हॉस्पिटलचं काम आहे असं सगळे धरून चालतात. मी सोलापुरात हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केलंय आणि आता घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात. थिएटरमधले दीड-दोन तास डॉक्टरांच्या हातात असतात हे खरं, पण त्याच्या आधीचा महिना आणि नंतरचे तीन महिने तुमच्या हातात असतात आणि इन्फेक्शनचं बरंचसं तिथंच ठरतं. पहिल्यांदाच घरात हे ऑपरेशन होतंय अशा लोकांसाठी लिहितेय, म्हणून सगळं क्रमानं सांगते.

शंभर ऑपरेशनमागं साधारण एखाद-दोघांना आत इन्फेक्शन होतं. आकडा छोटा आहे, पण ज्याला होतं त्याचं अख्खं वर्ष त्यात जातं. कारण असं की आत धातू आणि प्लास्टिक बसवलेलं असतं, त्याला रक्तपुरवठा नसतो, आणि जंतू त्याच्यावर चिकटले की स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही म्हणून टाकीत साठवतो ना, त्या टाकीच्या आतनं जसा चिकट थर धरतो तसाच हा, वरनं औषध टाकलं तर पाणी स्वच्छ दिसतं पण थर हलत नाही, तो घासूनच काढावा लागतो. म्हणून इम्प्लांटवर जंतू बसले की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, परत उघडून धुवावं लागतं, आणि उशीर झाला असेल तर इम्प्लांट काढून तिथं अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे जागा धरून ठेवणारा तात्पुरता तुकडा, ठेवायचा, काही आठवडे अँटिबायोटिक द्यायचं आणि मग पुन्हा नवीन गुडघा बसवायचा.

जंतू आत जायचे रस्ते दोनच. एक म्हणजे जखमेतनं, ऑपरेशनच्या वेळी किंवा जखम भरायच्या आधी. दुसरा म्हणजे रक्तातनं, शरीरात दुसरीकडं कुठंतरी पू असला की तिथनं. जास्त करून सापडतात ते स्टॅफिलोकोकस जातीचे, आणि ते आपल्याच कातडीवर आणि नाकात राहणारे असतात.

तारीख ठरली की आधी कातडी बघा

रोज अंघोळीनंतर घरातल्या कुणीतरी पेशंटचे दोन्ही पाय मांडीपासून बोटांपर्यंत उजेडात बघायचे. पेशंटला स्वतःला वाकता येत नाही, तळपाय तर दिसतच नाहीत, त्यामुळं हे काम सुनेचं, मुलाचं, नातवाचं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात का, टाचेच्या भेगांतनं रक्त येतंय का (आपल्या इथल्या कोरड्या हवेत भेगा खोलवर जातात), नखुरडं झालंय का, कुठं गळू, केसतोड, खाजवून झालेली जखम आहे का. यातलं काहीही असलं तर तारखेच्या दोन दिवस आधी नाही, लगेच कळवायचं, म्हणजे औषध लावून बरं करायला वेळ मिळतो. भेगांना रात्री व्हॅसलीन लावून मोजे घाला, चिखल्यांना डॉक्टर क्रीम देतात, आणि पाय धुतल्यावर बोटांमधनं कोरडं पुसायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिब्बा घालू नका. गुडघ्याला डाग देऊ नका. रुईचं किंवा एरंडाचं पान तापवून बांधू नका, कसलं झोंबणारं तेल चोळू नका. बार्शीकडच्या एका आजींची तारीख ठरलेली, गावाकडनं बहीण आली, म्हणाली ऑपरेशन टळतंय का बघू आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना बिब्ब्याचे ठिपके घातले. ॲडमिट झाल्यावर मी पाय धुवायला घेतला तर रुपयाएवढे काळे डाग, दोनातनं पाणी येत होतं, आजूबाजूची कातडी फोड येऊन सोललेली, आणि चीर जिथनं घेणार तिथनं ते बोटभर लांब. सर्जन सरांनी त्याच दिवशी परत पाठवलं, कातडी पूर्ण नवी आल्यावरच ऑपरेशन झालं. आजी रडल्या, पण सरांनी केलं ते बरोबरच केलं.

गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख सर्जनना सांगा, साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात कारण त्याच्या आत ऑपरेशन केलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो. बरेच पेशंट हे सांगतच नाहीत, त्यांना वाटतं दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो होतो म्हणून रागावतील. कोणी रागावत नाही, सांगा. सांधेदुखीच्या कागदातल्या पुड्या, बिनालेबलच्या गोळ्या घेत असाल तर त्यासुद्धा घेऊन जाऊन दाखवा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, त्यानं प्रतिकारशक्ती खाली येते, आणि महिनोन्‌महिने घेतलं असेल तर एकदम बंद करणंसुद्धा धोक्याचं असतं, तेव्हा बंद कसं करायचं तेही डॉक्टरच ठरवतील. आमवाताच्या गोळ्या चालू असतील तर कुठल्या चालू ठेवायच्या आणि कुठल्या थांबवायच्या हे विचारून घ्या, मनानं काही करू नका.

शुगर, तंबाखू, दात आणि रक्त

शुगर असलेल्या पेशंटनं नुसती उपाशीपोटीची शुगर बघून समाधान मानू नये, एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करून घ्यायची, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचं खरं चित्र कळतं. बहुतेक सर्जन ते साधारण साडेसात-आठच्या आत आल्याशिवाय पुढं जात नाहीत, आणि त्यांनी थांबवलं तर दुसरा डॉक्टर शोधू नका, शुगर खाली आणा. दोन-तीन महिने थांबल्यानं गुडघ्याचं फार काही बिघडत नाही. वाढलेल्या शुगरमध्ये मात्र जखम भरत नाही आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात.

तंबाखू, बिडी, सिगारेट कमीत कमी चार आठवडे आधी बंद, आणि जखम भरेपर्यंत बंदच. यात मिश्री पण आली. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्री म्हणजे दात घासायचं समजतात, डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणतात आणि खरंच त्यांच्या मनात खोटं नसतं. पण निकोटिन तेच, त्यानं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि टाक्यांच्या कडेला रक्त पोचत नाही. म्हणून घरच्यांनी स्वतःहून सांगायचं, मिश्री लावतात म्हणून.

दात किडलेला असेल, हिरडीतनं पू-रक्त येत असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन यायचं, काढायचा असेल तर काढून, हिरडी भरली की मग गुडघा. लघवीला जळजळ, सारखी घाई, ताप असेल तर तपासणी आणि औषध आधी. रक्तात हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) बघतात, अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली असेल तर खाणं कमी पडतंय असं समजायचं.

आणि खाण्यावरनं आठवलं. "डाळ खाल्ली की टाके पिकतात, आंबट खाल्लं की पू होतो, अंडं उष्ण पडतं" हे सगळं पथ्य म्हणून पाळतात आणि पेशंटला पंधरा दिवस मऊ भात नि साधं वरणाचं पाणी देतात. असं करू नका. जखम भरायला प्रोटीन लागतं. डाळ, मटकी, अंडी, दूध-दही, पनीर, मासे-चिकन खात असतील तर ते, आणि आपली शेंगाची चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर, हे सगळं चालतं. दोन अंड्यांतनं साधारण १२ ग्रॅम मिळतं, मूठभर शेंगदाण्यातनं ७-८ ग्रॅम, आणि ६० किलोच्या माणसाला अशा काळात दिवसाला ७०-८० ग्रॅम तरी हवं, म्हणजे प्रत्येक जेवणात काहीतरी पाहिजेच. फक्त किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आदल्या दिवशी

अंघोळ साबणानं किंवा हॉस्पिटलनं क्लोरहेक्सिडिनचं (जंतू मारणारं) लिक्विड दिलं असेल तर त्यानं, ते अंगावर दोन-तीन मिनिटं ठेवून मग धुवायचं, डोळ्यात-कानात जाऊ द्यायचं नाही. अंघोळीनंतर पावडर, तेल, क्रीम काही नाही. धुतलेला टॉवेल, धुतलेले कपडे, रात्री अंथरायला धुतलेली चादर. नखं कापून, नेलपॉलिश, पैंजण, जोडवी काढून ठेवा (जोडवी घट्ट बसलेली असतात, आदल्या रात्री ओढाताण करून बोट सोलू नका, चार दिवस आधीच साबण लावून काढा).

आणि गुडघ्यावरचे केस घरी रेझरनं काढू नका. उत्साहानं पाय गुळगुळीत करून येतात लोक, पण रेझरनं कातडीला बारीक बारीक चिरा पडतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि त्यात जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली ऑपरेशनच्या इन्फेक्शनबद्दल सूचना काढल्या त्यात हे स्पष्ट लिहिलंय, केस काढूच नयेत, काढायचेच असतील तर क्लिपरनं, म्हणजे कातडी न खरवडता केस कापणाऱ्या मशीननं. हॉस्पिटलमध्ये ते करतील. त्याच सूचनांमध्ये नाकातल्या जंतूंचंही आहे, नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस आहे हे माहीत असेल तर अशा ऑपरेशनआधी म्युपिरोसिन मलम लावावं. सगळीकडं ही तपासणी करत नाहीत, पण तुम्ही विचारू शकता, आणि मलम दिलं तर सांगितलेले सगळे दिवस लावा.

सर्दी-खोकला, ताप, जुलाब काहीही नवीन झालं असेल तर ॲडमिट व्हायच्या आधी फोन.

हॉस्पिटलमध्ये

इथं तुमचं काम कमी. चीर घ्यायच्या आधीच्या तासाभरात शिरेतनं अँटिबायोटिक देतात, तो डोस सगळ्यात मोलाचा. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायची ती यासाठीच. नंतर "सर, अजून चार दिवस अँटिबायोटिक लिहून द्या की, भीती वाटते" असा आग्रह करू नका, जास्त दिवस दिल्यानं जास्त संरक्षण मिळत नाही, उलट जुलाब होतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात.

भेटायला येणाऱ्यांना आवरा, एवढं मात्र नक्की करा. आपल्याकडं माणूस बघायला जायचं म्हणजे कॉटवर बसायचं, पायाला हात लावायचा, "सूज किती हाय गं" म्हणून पट्टी दाबून बघायची. कॉटवर कुणी बसायचं नाही, पट्टीला कुणी हात लावायचा नाही. डॉक्टर, सिस्टर, फिजिओ यांनासुद्धा "हात धुतले का" विचारलं तर चालतं, मला कुणी विचारलं तर मला राग येत नाही, बरं वाटतं.

घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे

खोली कुठली द्यायची ते आधीच ठरवा. खाली, संडासाजवळ, कमोड किंवा कमोड खुर्ची असलेली, आणि केर काढताना धूळ उडणार नाही अशी, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसायची. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, कूलर लागतोच, तर कूलरचं पाणी रोज बदला, गवत जुनं झालं असेल तर नवं घाला आणि वारा सरळ पायावर येऊ देऊ नका, धूळ घेऊन येतो तो. घाम येऊन पट्टीची कड सुटते, म्हणून दुपारी पाय उघडा, कोरडा, सैल गाऊन किंवा लुंगी. मांजर-कुत्रं कॉटवर नको.

चादर एक दिवसाआड बदलायची. सोलापुरात राहून टॉवेल-चादरीची कमी कुणाला नाही, तर पेशंटचा टॉवेल वेगळा ठेवा. न्हाणीघरात टांगलेला घरातल्या सगळ्यांचा एकच ओला टॉवेल, तोच तोंडाला, तोच पायाला, हे या दिवसांत नको. टेरी टॉवेल जाड असतो, सावलीत आतनं ओलसर राहतो, तो कडक उन्हात वाळवलेलाच वापरायचा.

अंघोळ म्हणजे स्पंजिंग. ऑपरेशनचा पाय सोडून बाकी अंग पुसून घ्यायचं. पट्टी वॉटरप्रूफ आहे असं सांगितलं असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच अंगावर पाणी, तेही पट्टीवर सरळ धार न घेता. साठवलेल्या पाण्याचा तांब्या जखमेवर ओतायचा नाही, आणि बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तेही नाही.

पट्टी कधी बदलायची हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. हल्लीच्या काही पट्ट्या सात दिवस तशाच ठेवायच्या असतात, कोरडी आणि चारही बाजूंनी चिकटलेली असेल तर रोज उघडून बघायचा मोह आवरा, उघडणं म्हणजे जंतूंना दार उघडणं. कुणी बदलायला येत असेल, मी असो नाहीतर गल्लीतले कंपाउंडर, तर त्यांनी साबणानं हात धुवायचे, निर्जंतुक हातमोजे, सीलबंद पाकिटातला गॉज, आणि पंखा बंद. कापसाच्या उघड्या बंडलातनं कापूस तोडून, त्याच पकडीनं सगळ्या घरांत ड्रेसिंग करणारा माणूस असेल तर नम्रपणे नको म्हणा. जखमेवर हळद, मेडिकलमधली पावडर, तूप, कोरफड, मध, काही नाही. कोरडी जखम कोरडीच राहू द्यायची.

बर्फाच्या शेकाचं नीट ऐका, कारण यात चांगली चांगली माणसं चुकतात. शेक चांगला, सूज उतरते. पण प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून गुडघ्यावर ठेवतात, पेशंटला डुलकी लागते, बर्फ वितळतो, पिशवीच्या शिवणीतनं थेंब थेंब पाणी नडगीकडं उतरतं आणि पट्टीच्या खालच्या कडेत शिरतं. वरनं पट्टी छान दिसते. एका काकूंच्या पट्टीची खालची कड मी बोटानं दाबली तर खालनं मचकन पाणी आलं, आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली, दोन स्टेपलच्या (टाक्यांऐवजी मारलेल्या पिनांच्या) मध्ये मऊ पडलेली. वेळेत दिसलं, सरांना कळवलं, पट्टी बदलली, निभावलं. तर आधी कोरडा टॉवेल, त्यावर दोन पिशव्यांत गाठ मारलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसलेलं. नंतर कड बोटानं चाचपायची.

पाणी पिण्याचं पण बघा. रात्री सारखं उठायला नको, वॉकर घेऊन संडासापर्यंत जायला नको म्हणून बायका पाणीच कमी करतात. आपल्या उन्हाळ्यात मग लघवी कडक होते, जळजळ सुरू होते, आणि लघवीचं इन्फेक्शन रक्तातनं नव्या गुडघ्यापर्यंत जाऊ शकतं. कॉटशेजारी तांब्या-भांडं ठेवा, रात्री कुणीतरी जवळ झोपा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी किती प्यायचं ते डॉक्टर सांगतील तसं.

शुगर या दिवसांत घरी रोज मोजायची आणि लिहून ठेवायची. ऑपरेशनच्या ताणानं आणि कधी कधी तिथं दिलेल्या स्टिरॉइडच्या डोसमुळं ती वर जाते, त्यात भेटायला येणारे केळी, चिकू, पेढे घेऊन येतात. सारखी १८०-२०० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना आकडे सांगा, औषध वाढवतील.

रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या असतील तर त्यामुळं पट्टीवर थोडं जास्त रक्त येऊ शकतं. स्वतःहून बंद करू नका, पायात गुठळी व्हायचा धोका असतो, विचारा.

काय चालतं आणि कशावर फोन करायचा

नव्या लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथंच होतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिले दोन-तीन दिवस शंभरच्या आसपास ताप येतो, तो बहुतेक वेळा इन्फेक्शनचा नसतो. गुडघा दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम लागतो, तो तीन महिने, कधी सहा महिनेसुद्धा गरम लागू शकतो. सूज संध्याकाळी वाढते, पाय उंच ठेवला की उतरते. मांडीपासून घोट्यापर्यंत निळं-काळं पडतं, रंग बदलत खाली सरकतं. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागतं. व्यायाम केल्यावर ठणकतं आणि मग कमी होतं. हे सगळं धरून चाललेलं आहे.

फोन करायचा तो कधी, तर दुखणं आधी कमी होत आलं होतं आणि आता परत दिवसेंदिवस वाढतंय. काल नव्वद अंशापर्यंत वाकत होता आणि आज वाकवू देत नाही. ताप १०१ च्या वर गेला, किंवा चार-पाच दिवस बरा असून परत आला, थंडी वाजून आली. टाक्यांच्या कडेची लाली पसरतेय. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लालच दिसेल असं नाही, कातडी ताणलेली, चकचकीत, आजूबाजूपेक्षा गडद आणि कढत लागते, तेव्हा दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि बॉलपेननं कडेनं रेघ मारून वेळ लिहा, चार तासांनी रेघेच्या बाहेर गेलं तर सरळ निघायचं. वास येतोय, पिवळं-हिरवं काही येतंय, टाक्यांची कड उघडलीय, तर थांबूच नका.

आणि झिरपणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत पट्टीवर रक्ताचा डाग येतो, तो मोठा होत नसेल तर ठीक. पण तिसऱ्या दिवसानंतरही पट्टी ओली होतेय, भले पाणी पांढरं, पातळ, बिनवासाचं असो, तर त्याच दिवशी सर्जनना फोन. पाच-सात दिवसांनंतरही झिरपत असेल तर ते गंभीर समजतात, कधी कधी परत आत धुवावं लागतं. "पाणीच आहे, पू नाही" असं म्हणून लोक आठवडाभर पट्ट्या बदलत बसतात. जिथनं पाणी बाहेर येतंय तिथनं जंतू आत जाऊ शकतात एवढं डोक्यात ठेवा. सर्जन कदाचित दोन दिवस वाकवायचा व्यायाम थांबवायला सांगतील, तर थांबवा, चार दिवसांनी वाकला म्हणून बिघडत नाही.

पोटरीत दुखून सूज, छातीत दुखणं, दम लागणं हा वेगळा विषय आहे, गुठळीचा, पण त्यात फोन करत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं.

मेडिकलमधनं अँटिबायोटिक आणू नका

एवढं एकच लक्षात राहिलं तरी हा लेख लिहिल्याचं चीज झालं. एका काकांच्या जखमेतनं टाके काढल्यानंतर चार दिवसांनी दोन थेंब पाणी आलं. मुलगा कामाला पुण्याला, सर्जनना कशाला त्रास म्हणून काकूंनी मेडिकलमधनं पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. पाणी थांबलं. सगळे खूश. गोळ्या संपल्यावर आठवड्यानं परत आलं, परत गोळ्या, परत थांबलं. मला बोलावलं तेव्हा गुडघा कढत आणि जखमेच्या मधोमध एक बारीक तोंड, दाबलं की पू. सर्जननी सुईनं आतलं पाणी काढून तपासायला पाठवलं तर त्यात काहीच वाढलं नाही, कारण गोळ्यांनी जंतू अर्धमेले झालेले, रिपोर्टमध्ये सापडेनात आणि इम्प्लांटवरनं जाईनात. कुठला जंतू तेच कळलं नाही की कुठलं औषध द्यायचं तेही अंदाजानंच ठरवावं लागतं. काकांचं इम्प्लांट काढावं लागलं.

इन्फेक्शन लवकर कळलं, लक्षणं सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर आत उघडून स्वच्छ धुवून, मधला प्लास्टिकचा भाग बदलून, इम्प्लांट वाचवता येण्याची चांगली संधी असते. इम्प्लांटवरचा जंतूंचा थर पक्का झाला की ती संधी कमी होत जाते. म्हणजे मेडिकलच्या गोळ्यांनी जे दहा दिवस जातात ना, नेमके तेच दहा दिवस लाखमोलाचे असतात.

म्हणून क्रम असा ठेवा. काहीतरी वेगळं दिसलं की मोबाईलवर उजेडात फोटो, ताप मोजून लिहायचा, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याच दवाखान्यात फोन. फॅमिली डॉक्टरनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर त्यांना आदरानं सांगायचं, "सर, आधी गुडघ्याच्या सरांना विचारून घेतो." मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा अशा गावाकडनं येणाऱ्यांनी टाके निघेपर्यंत शक्य असेल तर शहरात नातेवाइकांकडं राहावं, किंवा रात्री गाडी कोण काढणार हे आधीच ठरवून ठेवावं, कारण "उद्या सकाळच्या एसटीनं जाऊ" मध्ये वेळ जातो. दवाखान्यात गेल्यावर सीआरपी, ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतील. ऑपरेशननंतर सीआरपी तसंही वाढलेलं असतं आणि काही आठवड्यांत उतरतं, म्हणून एका आकड्यावर घाबरू नका, तो वाढतोय की उतरतोय ते डॉक्टर बघतात. गुडघ्यातलं पाणी काढायचं तर ते सर्जननीच, निर्जंतुक जागी. दुसऱ्या कुणालाही त्या गुडघ्यात सुई घालू देऊ नका, आत्ता नाही आणि पुढंही कधीच नाही.

टाके निघाल्यावर

टाके किंवा स्टेपल साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. नंतर एक-दोन दिवस कोरडं, मग साध्या पाण्यानं अंघोळ चालते, खपली ओरबाडायची नाही, घासायचं नाही, टॉवेलनं टिपून घ्यायचं. तेल लावून मालीश जखम पूर्ण बंद झाल्याशिवाय नको.

पाण्यात उतरायचं मात्र अजून लांब. विहीर, कॅनॉल, स्विमिंग टँक, आणि आपल्याकडचा खरा प्रश्न म्हणजे चंद्रभागा. आषाढीच्या आधी ऑपरेशन झालेली माणसं "माउलीच्या पाण्यानं काय होतंय" म्हणतात आणि त्यांची श्रद्धा मला कळते, माझ्या घरीही वारी आहे. पण नदीच्या पाण्यात लाखो माणसं उतरलेली असतात आणि तुमच्या जखमेवर अजून नीट कातडी नसते. कमीत कमी सहा आठवडे आणि डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटल्याशिवाय उतरू नका. यंदा घरूनच हात जोडा, किंवा मुलानं तांब्याभर पाणी आणलं तर कपाळाला लावा.

पुढची वर्षं

रक्तातनं येणारं इन्फेक्शन वर्षानंतर, दहा वर्षांनंतरही होऊ शकतं. गुडघा मस्त चालतोय, आणि एक दिवस अचानक सुजतो, ठणकतो, ताप येतो, तर ते त्याच दिवशी दाखवायचं. त्याआधी काही दिवसांत कुठं गळू, पायाला पू, दाताचं दुखणं, लघवीचा त्रास झाला होता का ते आठवून सांगायचं.

पायाची बोटं-टाचा बघायची सवय सुटू देऊ नका, शुगरवाल्यांनी तर अजिबात नाही. अनवाणी फिरायचं नाही, देवळात दुपारच्या तापलेल्या फरशीवरनं जाताना पाय भाजतात, शुगरमुळं कळत नाही, फोड येतो आणि चिघळतो, म्हणून सकाळी लवकर जा. पायात चप्पल नसताना काटा-काच रुतली तर सुईनं घरी कोरू नका.

दातांचं साधं, न अडलेलं काम पहिले तीन महिने पुढं ढकलतात. ठणकणारा, पू झालेला दात मात्र ढकलायचा नाही. नंतर कधीही दाताच्या डॉक्टरांना गुडघ्यात इम्प्लांट आहे हे सांगायचं. दरवेळी दाताआधी अँटिबायोटिक घ्यायलाच हवं असं आता सगळ्यांसाठी सांगत नाहीत, तुमची शुगर, बाकीचे आजार बघून दोन्ही डॉक्टर ठरवतील.

एका फाईलमध्ये डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची तारीख, इम्प्लांटचं स्टिकर, आधीचे रक्ताचे रिपोर्ट आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी ते ठेवा, आणि त्याचे फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये. पुढं दुसरा गुडघा करायचा ठरला तर नव्या डॉक्टरांना पहिल्या वेळी जखम किती दिवसांत सुकली, किती दिवस झिरपली हे तारखेसकट सांगता येईल, ते विचारतातच.